बाबांची आठ मिलिमीटरची रिळे: तपासणी, स्कॅनिंग आणि साठवण

बाबांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत हौसेने चित्रित केलेली फिल्मची रिळे त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. त्यांची तपासणी, स्कॅनिंग आणि थंड जागेतली साठवण हे काम मी फेब्रुवारीत हाती घेतले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते एका टप्प्याला पोहोचले. या विषयावर जे वाचायला मिळाले ते एक तर चित्रपट संग्रहालयांतल्या तज्ज्ञांसाठी लिहिलेले होते, नाही तर ‘रिळे पाठवा, आम्ही डिजिटल करून देतो’ एवढ्यावर थांबणारे होते. मधला सगळा भाग, म्हणजे घरातल्या माणसाने घरातल्या टेबलावर काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, तो मला तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागला. ज्यांच्याकडे अशी रिळे पडून आहेत आणि जे नेमके कुठून सुरुवात करावी या विचाराने थांबले आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव घडला त्या क्रमाने लिहीत आहे.

रिळांबरोबर बाबांचा प्रोजेक्टरही आला होता आणि तो चालू स्थितीत होता. “एखादं रीळ लाव की, बघू या तरी,” असे आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली. तिला थांबवणे मला जड गेले, कारण त्या फिल्ममध्ये दिसणाऱ्या मोठ्या माणसांपैकी आज हयात असलेली ती जवळजवळ एकटीच आहे. पण जुनी फिल्म तपासल्याशिवाय प्रोजेक्टरवर चढवायची नाही, हा नियम मी तोवर वाचला होता आणि त्याचे कारणही मला पटले होते. फिल्म वर्षानुवर्षे आकसत जाते आणि तिच्या कडेच्या छिद्रांमधले अंतर कमी होते. आकसण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास गेले तरी प्रोजेक्टरचा पंजा छिद्रात नीट बसत नाही आणि मग तो छिद्रांच्या कडा फाडत पुढे जातो. जुने जोड सुटतात, फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती चौकट, म्हणजे पट्टीवरचे ते एक चित्र, वितळते, आणि घरगुती फिल्मची बहुधा ती एकच प्रत असते. बाबांनी वापरलेली फिल्म रिव्हर्सल प्रकारची होती, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली पट्टीच धुतल्यावर पडद्यावर दाखवायची पट्टी बनते आणि तिची वेगळी निगेटिव्ह नसते. हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, “मग राहू दे, घाई नाही.” पुढच्या सगळ्या महिन्यांत तिने एकदाही घाई केली नाही.

पहिले काम यादीचे होते. एकही डबा उघडण्यापूर्वी मी प्रत्येक डब्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घेतले, कारण बाबांच्या अक्षरातल्या नोंदी, धुलाई केंद्राचे शिक्के आणि टपालाच्या तारखा ही सारी माहिती डब्यांवरच होती, आणि डबे पुढे बदलायचे होते. प्रत्येक रिळाला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक छायाचित्राला, वहीतल्या नोंदीला आणि डब्यातून निघालेल्या चिठ्ठ्या ठेवलेल्या लिफाफ्याला दिला. या चिठ्ठ्या आणि रबरबँड रिळाजवळ ठेवू नयेत. रबर कुजून फिल्मला चिकटते, आणि साध्या कागदात आम्ल असते व तो दमटपणाही धरून ठेवतो. मात्र चिठ्ठीवरचा मजकूर रिळाइतकाच मोलाचा असतो, म्हणून चिठ्ठी फेकायची नाही, फक्त वेगळी ठेवायची.

त्यानंतर प्रकार ओळखणे. आठ मिलिमीटर रुंदीची दिसणारी प्रत्येक फिल्म एकाच जातीची नसते. कोडॅकने १९३२ मध्ये आणलेल्या मूळ आठ मिलिमीटर पद्धतीत कॅमेऱ्यात सोळा मिलिमीटर रुंदीची पट्टी घालत. ती एका बाजूने चित्रित करून झाली की उलटून दुसऱ्या बाजूने पुन्हा चालवायची आणि धुतल्यावर ती मधोमध चिरून दोन्ही भाग टोकाला टोक जोडायचे अशी रीत होती. तिची छिद्रे मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतात. १९६५ मध्ये आलेल्या सुपर-८ फिल्मची छिद्रे बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतात; छिद्र लहान केल्याने चित्राला सुमारे दीडपट जागा मिळाली. रिळावरूनही फरक कळतो, कारण सुपर-८ च्या रिळाचे मधले भोक मोठे असते. हा भेद यादीत अचूक लिहिणे आवश्यक आहे, कारण स्कॅनिंग करणारी लॅब पहिला प्रश्न हाच विचारते. लांबीचा अंदाज रिळाच्या व्यासावरून बांधता येतो: तीन इंची रीळ म्हणजे ५० फूट, पाच इंची म्हणजे २०० फूट आणि सात इंची म्हणजे ४०० फूट, अर्थात ते पूर्ण भरलेले असेल तर. सुपर-८ चे ५० फुटांचे एक रीळ सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद चालते, आणि जुन्या आठ मिलिमीटरचे तेवढ्याच लांबीचे रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने ४ मिनिटांच्या थोडे पुढे जाते.

घरात जुनी फिल्म आहे म्हटले की ती पेट घेईल का, ही भीती एक-दोघांनी बोलून दाखवली. ती नायट्रेट नावाच्या, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मबद्दलची आहे आणि निराधार नाही, पण नायट्रेटचा वापर प्रामुख्याने ३५ मिलिमीटरच्या व्यावसायिक फिल्मसाठी झाला आणि तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. कोडॅकने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी सोळा मिलिमीटर फिल्म आणली ती मुळात सेफ्टी फिल्म, म्हणजे सहज पेट न घेणारी, म्हणूनच, आणि आठ मिलिमीटर फिल्मही तशीच. भिंगाखाली पाहिल्यावर छिद्रांच्या कडेला ‘सेफ्टी फिल्म’ हे शब्द मला वाचता आले. त्यांच्याच शेजारी वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा होत्या. कोडॅकच्या या खुणा फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते सांगतात, पण त्यांचे चक्र काही दशकांनी पुन्हा तेच येत असल्याने एका खुणेतून एकापेक्षा जास्त वर्षे निघतात, आणि ते वर्ष चित्रीकरणाचे नसून निर्मितीचे असते. एका रिळाच्या खुणेवरून निघालेले वर्ष आणि डब्यावरची टपालाची तारीख यांत वर्षभराचे अंतर होते. अशा दोन धाग्यांनी तारीख बांधत जाणे हे या कामातले मला सर्वांत आवडलेले काम ठरले.

खरा धोका आगीचा नसून वासाचा आहे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट, नाकात झोंबणारा वास आला तर फिल्मचा ऍसिटेट पाया, म्हणजे चित्राचा थर जिच्यावर असतो ती प्लास्टिकची पट्टी, विघटित होऊ लागला आहे असे समजायचे. हवेतला ओलावा आणि उष्णता यांमुळे त्या पायातून ऍसेटिक आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला चालना देते, त्यामुळे एका मर्यादेनंतर हा वेग झपाट्याने वाढतो. फिल्म आकसते, ठिसूळ होते, वाकडीतिकडी होते आणि शेवटी चित्राचा थर पायापासून सुटतो. यावर इलाज नाही. वेग कमी करणे एवढेच आपल्या हातात असते, आणि तो थंडी व कोरडेपणा यांनीच कमी होतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार ताजी ऍसिटेट फिल्म सुमारे २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवली तर साधारण ४० ते ५० वर्षांत या विघटनाची सुरुवात होते. बाबांच्या रिळांचे वय नेमके त्या हद्दीच्या पलीकडचे होते, आणि ती ज्या कपाटात होती ते उन्हाळ्यात २१ अंशांच्या कितीतरी वर जात असणार. हे वाचले त्या संध्याकाळी मला बरीच अस्वस्थता वाटली.

नाक हे साधन अपुरे आहे, कारण वास येतो तेव्हा उशीर होत आलेला असतो आणि सतत हुंगत राहिल्याने नाकाला तो कळेनासाही होतो. त्याच संस्थेने तयार केलेल्या ए-डी स्ट्रिप्स नावाच्या कागदी पट्ट्या मी मागवल्या. त्या यायला काही आठवडे लागले, म्हणून यादीचे काम सुरू करतानाच त्या मागवून ठेवाव्यात. निळ्या रंगाची ही छोटी पट्टी रिळाबरोबर डब्यात ठेवून झाकण लावायचे आणि खोलीच्या तापमानाला सुमारे एक दिवस थांबायचे. सोबत एक पेन्सिल मिळते, तिच्या अंगावर निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचे पट्टे आणि प्रत्येकापुढे आकडा छापलेला असतो. डब्यातून काढलेली पट्टी त्या पेन्सिलीशेजारी धरून रंग जुळवायचा. शून्य म्हणजे फिल्म ठीक आहे, ३ म्हणजे अवस्था गंभीर आहे, आणि दीडच्या आकड्यापाशी विघटन स्वतःच स्वतःला वेग देऊ लागते. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहावा. घरातल्या पिवळसर दिव्याखाली निळा आणि हिरवट यांतला फरक दगा देतो.

बहुतेक रिळांच्या पट्ट्या निळ्या किंवा किंचित हिरवट निघाल्या. तीन इंची रिळे एकमेकांना जोडून बाबांनी तयार केलेल्या एका मोठ्या रिळाची पट्टी मात्र उघड हिरवी, जवळपास पिवळ्याकडे झुकलेली होती. ते रीळ धातूच्या घट्ट डब्यात होते. सुटलेले आम्ल तिथेच कोंडून राहिले होते आणि डब्याच्या आतल्या कडेला गंजाची तांबूस रेघ उमटली होती. त्या दिवसापासून ते रीळ वेगळ्या खोलीत ठेवले, कारण एका रिळाची वाफ शेजारच्या निरोगी रिळांपर्यंत पोहोचते. ध्वनिमुद्रणाची चुंबकीय पट्टी असलेल्या सुपर-८ रिळांकडेही जास्त लक्ष द्यावे लागते. ही पट्टी असलेली फिल्म १९७० च्या दशकात आली आणि पट्टीतल्या लोह ऑक्साइडमुळे तिच्यात हे विघटन लवकर होते. दोन रिळे या भानगडीतून मुळातच बाहेर होती. दिव्यासमोर कडेने धरल्यावर त्यांच्यातून उजेड आरपार झिरपत होता, आणि ही पॉलिएस्टर पायाची खूण आहे. ऍसिटेटचे रीळ तसेच धरले तर गर्द आणि अपारदर्शक दिसते. पॉलिएस्टरला व्हिनेगरचा हा रोग होत नाही.

मार्च आणि एप्रिल हे दोन महिने रिळे हाताने उलगडून पुन्हा गुंडाळण्यात गेले. यासाठी हाताने फिरवायचे दोन रिवाइंडर, खालून उजेड देणारी दुधी काचेची पेटी, भिंग आणि धागे न सोडणारे हातमोजे एवढेच लागते. रिवाइंडर वापरलेले घेतले तरी चालतात, फक्त त्यांच्या दांड्या सरळ आहेत ना, ते पाहावे. फिल्म नेहमी कडांनी धरायची. तिची चकचकीत बाजू म्हणजे पाया आणि किंचित मंद बाजू म्हणजे चित्राचा थर. त्या थरावर उमटलेला बोटाचा ठसा जाता जात नाही. गुंडाळताना ताण एकसारखा ठेवायचा, फार आवळायचे नाही आणि सैलही सोडायचे नाही, कारण सैल रिळात वेटोळी एकमेकांवर घासून ओरखडे उठतात. प्रत्येक जोडापाशी मी थांबत होते. सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडण्याच्या द्रवाने, केलेले जुने जोड बहुतांशी टिकले होते, पण चिकटपट्टीच्या जोडांतला गोंद बाजूला पाझरून पुढच्या वेटोळ्याला चिकटला होता, आणि तिथे फिल्म ओढण्याऐवजी हळूहळू सोडवावी लागली. ऍसिटेट जोडण्याचे सिमेंट पॉलिएस्टरवर चालत नाही, म्हणून मी दुरुस्तीसाठी फिल्मसाठीच बनवलेली जोडपट्टी वापरली. प्रत्येक रिळाच्या दोन्ही टोकांना काही फूट लीडरची, म्हणजे चित्र नसलेल्या कोऱ्या पांढऱ्या पट्टीची, जोड दिली आणि तिच्यावर रिळाचा क्रमांक, शीर्षक आणि ‘आरंभ’ किंवा ‘शेवट’ असे लिहिले. पुढे हाताळणीची झीज त्या कोऱ्या पट्टीलाच सोसावी लागेल.

एका रिळावर बुरशीचे पांढरट जाळे होते. त्याला पाणी लावण्याचा मोह टाळावा. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, बुरशी त्यावरच वाढते आणि तिने पोखरलेला थर पाण्यात विरघळू शकतो. मी ते रीळ तोंडाला मास्क लावून घराबाहेर, मोकळ्या हवेत कोरड्या मऊ कापडाने फक्त वरून पुसले आणि उरलेली सफाई लॅबवर सोपवली.

नवे डबे पॉलिप्रॉपिलीनचे आणि हवा खेळती ठेवणारे घेतले. पीव्हीसीचे डबे किंवा पिशव्या घेऊ नयेत, त्यांतून क्लोरीनयुक्त वाफ सुटते. रिळे डब्यात आडवी ठेवायची. उभी ठेवली की वर्षानुवर्षे फिल्मचा भार एकाच कडेवर येतो. डबे ही या सगळ्या प्रकरणातली स्वस्त बाब होती. पट्ट्या, लीडर आणि जोडपट्टी यांचाही खर्च जाणवण्याइतका झाला नाही. पैसा खरा लागतो तो स्कॅनिंगला.

लॅब निवडण्याआधी मी प्रत्येकीला सारखेच प्रश्न लेखी विचारले. स्कॅनर दातेरी चाकावर चालतो की बिनदात्यांचा, कारण आकसलेल्या फिल्मला दातेरी चाक नको. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे स्कॅन होते की पडद्यावर चित्र पाडून त्याचे चित्रण केले जाते. काम तिथेच होते की रिळे पुढे दुसरीकडे पाठवली जातात. स्कॅनमध्ये छिद्रे आणि कडा दिसतील इतकी जास्तीची जागा घेता येते का. आणि रंग दुरुस्त न केलेली मूळ फाइल मिळेल का. शेवटच्या दोन मागण्या आग्रहाने कराव्यात. चित्र स्थिर करणे, ओरखडे पुसणे, रंग उजळ करणे हे सारे प्रतीवर नंतर केव्हाही होऊ शकते, पण मूळ स्कॅनमध्येच ते झाले तर मागे फिरता येत नाही. आकारणी फुटांवर होती, त्यावर प्रत्येक रिळामागे हाताळणीची रक्कम आणि सफाई व जोडदुरुस्ती यांचे वेगळे पैसे. मी लांबीची यादी आधीच केलेली असल्याने अंदाजपत्रक आणि अंतिम बिल यांत फारसा फरक पडला नाही. एका लॅबने यादी नसलेल्या ग्राहकांची फिल्म मोजण्याचेही शुल्क लावले होते.

लॅबच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मी तो दोनदा वाचला. फिल्म नायट्रेट नाही असे घोषित करावे लागते; चित्रणाचे हक्क आपल्याकडे आहेत किंवा हक्कदाराची परवानगी आहे असे लिहून द्यावे लागते; आणि फिल्म हरवली किंवा खराब झाली तर भरपाई तेवढ्या लांबीच्या कोऱ्या फिल्मच्या किमतीपुरतीच मिळेल, असे एक कलम असते. हे कलम पाहून धक्का बसला, पण या व्यवसायात ते सर्वत्र आढळते. त्याचा परिणाम एवढाच झाला की मी रिळे पार्सलने न पाठवता स्वतः नेऊन दिली आणि यादीच्या दोन प्रती नेऊन एकीवर रिळागणिक पोच घेतली. सर्व रिळे एकाच वेळी दिली नाहीत. आम्ल सुटलेले रीळ आणि बुरशीचे रीळ पहिल्या खेपेत दिले, कारण वाट पाहण्याची ताकद त्यांच्यातच सर्वांत कमी होती. मे महिन्यात दिलेली ही पहिली खेप जुलैच्या मध्यावर परत आली. लॅबने सहा आठवडे सांगितले होते, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागले, आणि त्या काळात फोन करूनही ‘रांगेत आहे’ यापलीकडे काही कळत नव्हते. तो काळ अवघड गेला.

फायली आल्यावर त्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पाहाव्यात. दोन-चार ठिकाणी उघडून समाधान मानू नये. एका रिळाचा शेवटचा भाग डावी-उजवी बाजू उलटून स्कॅन झाला होता. दुकानाच्या पाटीवरची उलटी अक्षरे दिसली म्हणून ते ध्यानात आले, आणि लॅबने तो भाग विनाशुल्क पुन्हा करून दिला. तक्रारीची मुदत मर्यादित असते, ती अर्जातच पाहून ठेवावी. स्वरूपाबद्दल सांगायचे तर प्रत्येक चौकटीची डीपीएक्स या प्रकारची स्वतंत्र चित्र-फाइल घेण्याचा विचार मी सोडून दिला. २के (सुमारे दोन हजार बिंदू रुंद) आकाराच्या अशा एका चौकटीला साधारण १२.७ एमबी जागा लागते, सुपर-८ च्या ५० फुटांत ३,६०० चौकटी असतात, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या एका रिळाला जवळपास ४५ जीबी. मी जतनासाठी प्रोरेस ४२२ एचक्यू (उच्च दर्जाचा, मोठ्या आकाराचा व्हिडिओ प्रकार) आणि नातेवाइकांना दाखवण्यासाठी लहान एमपी४ अशा दोन प्रती घेतल्या.

आता आत्याला रिळे दाखवता आली. मी संगणकावर चित्र लावून शेजारी ध्वनिमुद्रण सुरू ठेवले आणि तिला हवे तिथे थांबवायला सांगितले. “थांब, मागे घे. ही दारात उभी आहे ना, ती आई. हात पुसत बाहेर आली आहे बघ, तिला माहीत नव्हतं दादा कॅमेरा घेऊन उभा आहे ते.” माझ्या आजीला चालताना मी त्याआधी पाहिले नव्हते, तिची माझ्याकडे असलेली सर्व छायाचित्रे खुर्चीत बसून काढलेली आहेत. कॅमेरा दिसताच ती पदर सारखा करते आणि हाताने ‘बंद कर’ अशी खूण करते. बाबा तरीही थांबत नाहीत आणि मग ती हसते. हे सारे मिळून काही सेकंदांचे आहे. आत्याने सांगितलेली नावे, नाती आणि जागा मी मिनिट-सेकंदांसह वहीत उतरवल्या, आणि नंतर लक्षात आले की डब्यावरच्या दोन नोंदी अदलाबदल झालेल्या होत्या. तिच्याशिवाय हे कुणालाही कळले नसते. रासायनिक विघटनाला आळा घालण्याची साधने तरी आहेत, पण माणसे ओळखणारे डोळे फार थोडे उरलेले असतात. त्यामुळे ज्यांचे सगळे स्कॅनिंग लगेच होणे शक्य नाही त्यांनी निदान एका-दोन रिळांचे करून घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर आधी बसावे, असे मी आवर्जून सांगेन.

मूळ रिळांची गरज स्कॅनिंगनंतर संपते, असे मला एकाहून अधिक लोकांनी सुचवले. मी त्याच्याशी मुळीच सहमत नाही. फिल्मच्या इतक्याशा चौकटीत आजच्या स्कॅनरने वाचलेल्यापेक्षा अधिक काही असू शकते, हार्डडिस्क एका क्षणात बंद पडते, आणि फिल्म मात्र उजेडासमोर धरली की कोणत्याही यंत्राविना दिसते. त्यातही बाबांची बरीचशी फिल्म कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत रिव्हर्सल फिल्म आहे. १९३५ मध्ये आलेल्या या फिल्मचे रंग अंधारात ठेवले तर विलक्षण टिकतात, आणि पन्नास वर्षांनंतरही तिच्यातला लाल रंग मला भडक दिसला, तर दुसऱ्या जातीच्या दोन रिळांवर गुलाबी झाक पसरलेली होती.

साठवणीसाठी घरातली सर्वांत थंड, कोरडी आणि तापमान कमीत कमी बदलणारी जागा शोधावी. माळा, तळघर, स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची भिंत आणि बाहेरची भिंत टाळावी. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला निमंत्रण मिळते आणि २० च्या खाली फिल्म वळते व ठिसूळ होते, म्हणून सिलिका जेलची पुडी घालतानाही हात आखडता ठेवावा. मी आर्द्रतामापक घेऊन घरातल्या निरनिराळ्या जागी काही काळ ठेवला आणि नोंदी पाहिल्या. एकही जागा वर्षभर समाधानकारक राहत नव्हती, त्यामुळे एक छोटा फ्रीझर खास रिळांसाठी घेतला. स्कॅनिंगनंतरचा हा दुसरा मोठा खर्च.

फ्रीझरमध्ये ठेवणे सोपे आहे, पण त्याआधीची तयारी चुकवता येत नाही. डबा बंद होताना फिल्ममध्ये जेवढा ओलावा असतो तेवढाच आत राहतो, म्हणून हवा कोरडी असलेल्या दिवसांत रिळे काही आठवडे उघड्या डब्यात, स्वच्छ कपाटात ठेवून मगच बंद केली. प्रत्येक डबा फ्रीझरच्या जाड पिशवीत घातला, हवा दाबून काढली, पिशवी बंद केली आणि ती दुसऱ्या पिशवीत घातली. दोन पिशव्यांच्या मध्ये आर्द्रता दाखवणारे कार्ड ठेवले, ते बाहेरून वाचता येते. त्याचा निळा ठिपका गुलाबी होऊ लागला की बाहेरची पिशवी बदलायची. खोलीच्या तापमानाला आम्ल सुटलेली फिल्म अशी हवाबंद करू नये, कारण आम्ल आतच कोंडते. गोठणबिंदूखाली ती क्रियाच इतकी मंदावते की हवाबंद पिशवी हितकारक ठरते. बाहेर काढताना मात्र पिशवी न उघडता रात्रभर खोलीत राहू द्यायची. थंड फिल्मवर खोलीतली हवा लागली तर दव धरते आणि सारी मेहनत वाया जाते. फ्रीझरच्या दारावर हा नियम मी ठळक अक्षरांत लावला आहे, शेजारी रिळांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख आहे. वीज गेली तरी पिशव्या बंद असल्याने घाबरण्याचे कारण नसते, फक्त दार उघडायचे नाही.

डिजिटल प्रतींबाबत थोडक्यात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा एमडी५ चेकसम (फाइल बदलली की बदलणारी आकडे-अक्षरांची खूण) काढून यादीत लिहिला आहे आणि वर्षातून एकदा तो पुन्हा ताडून पाहायचा आहे.

जूनमध्ये एका चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून घरगुती फिल्म ते स्वीकारतात का, अशी विचारणा केली होती. उत्तर काही आठवड्यांनी आले, सोबत अर्ज होता. चित्रीकरण कोणी केले, अंदाजे कधी, कोण दिसते, लांबी, प्रकार, सध्याची अवस्था आणि ए-डी पट्टीचा आकडा, हे सारे मी केलेल्या यादीतून थेट भरता आले. अडले ते हक्कांपाशी. रीळ ताब्यात असणे आणि त्यावरचा स्वामित्वहक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रीकरण बाबांनी केले, म्हणून त्यांचा हक्क सर्व वारसांकडे जातो आणि प्रत्येकाचे लेखी संमतिपत्र जोडावे लागते. माझ्या भावाने लगेच सही केली, बहिणीने आधी कोणत्या रिळांत कोण दिसते ते पाहून मग केली, आणि तिचे ते पाहणे योग्यच होते, कारण तिच्या लहानपणीचा एक प्रसंग सार्वजनिक दाखवण्यातून वगळावा असे तिने सुचवले आणि अर्जात तशी अट घालता येते. संग्रहालय दोन पर्याय देते: दानपत्र, ज्यात रिळे कायमची त्यांची होतात, आणि ठेव करार, ज्यात मालकी आपली राहते पण जतनाचा खर्च ते किती उचलतील याला मर्यादा असते. आम्ही ठेव करार मागितला आहे. त्यांची निवड समिती आहे, सर्वच रिळे ते घेत नाहीत, आणि निर्णयाला बरेच महिने लागतील असे त्यांनी आधीच कळवले आहे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. बाबांच्या सामानात सुपर-८ कोडॅक्रोमचे एक चित्रित झालेले पण न धुतलेले काडतूस (फिल्म आत बंद असलेली प्लास्टिकची डबी) निघाले. कोडॅक्रोम धुण्याची मूळ प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगभर बंद झाली, त्यामुळे त्यातले रंग आता मिळणार नाहीत. कृष्णधवल पद्धतीने धुवून काही चित्र उमटण्याची शक्यता आहे. असे काडतूस उघडून पाहायचे नाही आणि विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रातूनही न्यायचे नाही. त्यावर मी ‘धुतलेले नाही, उघडू नये’ असे लिहून ते फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. हे काम करणाऱ्या लॅब पुरेशी काडतुसे जमली की एकत्र धुतात. एका लॅबने पुढच्या तुकडीत आमचे नाव घेतले आहे, ती नव्या वर्षाच्या सुरुवातीला धुतली जाईल, आणि सोबतच्या अर्जातल्या ‘रंग मिळणार नाहीत व चित्र उमटण्याची हमी नाही’ या कलमाखाली आम्ही तिघा भावंडांनी सह्या करून तो गेल्या आठवड्यात पाठवला आहे.